कंपनीचा टाकू की लोकल?

नमस्कार मंडळी. बाइक गॅरेजला लावली की मेकॅनिक हात पुसत एक प्रश्न विचारतोच, "साहेब, कंपनीचा टाकू की लोकल?" आपण किमतीतला फरक ऐकतो आणि म्हणतो, लोकल टाक, चालतंय. बहुतेक वेळा चालतंही, मी पण टाकलाय, खोटं कशाला बोलू. पण माझी अख्खी नोकरी गेली विमानाच्या मेन्टेनन्समधे, आणि तिथे चालतंय म्हणून केलेल्या एका कामाची गोष्ट आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचो.

10 जून 1990. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनला मालागाला निघालेलं. 17,300 फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच धाडकन बाहेर उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कंबरेपर्यंत विमानाच्या बाहेर! आत फक्त पाय. नायजेल ऑग्डन नावाचा केबिन क्रू धावत आला, त्याने त्यांना कंबरेला घट्ट धरलं, आणि को-पायलट अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसनने त्या वाऱ्यात, थंडीत, कानठळ्या बसत असताना विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळेच्या सगळे जिवंत. लँकेस्टरसुद्धा, आणि ते काही महिन्यांत परत उडायलाही लागले, माणूस म्हणजे कमाल.

आता काच का उडाली ते ऐका. विमान निघायच्या 27 तास आधी ती बदललेली, रात्रपाळीत. बदलणारा माणूस काही नवशिका नव्हता, शिफ्टचा मॅनेजर होता, पण त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि त्याच्यासारखे दिसणारे नवे शोधायला निघाला. स्टोअरवाल्याने सांगितलं पण की या काचेला 8डी लागतात (आकडा बोल्टच्या लांबीचा, अक्षर जाडीचं), हा म्हणाला जुने 7डी होते ना, मग तेच बसवू. स्टोअरमधे तेवढे नव्हते म्हणून पहाटे दुसरीकडच्या कप्प्यांतून आणले, तिथे उजेड कमी, जवळचं वाचायचा चष्मा लावलेला नाही, आणि बोल्ट डोळ्यांनीच जुळवले. 90 बोल्टपैकी 84 निघाले 8सी. फरक किती? जाडीला 0.66 मिलिमीटर कमी. आपल्या नखाच्या जाडीएवढाच म्हणा! बोल्ट बसला, फिरवताना कट्ट आवाज आला, त्याला वाटलं टॉर्क लागला, म्हणजे बोल्ट हवा तेवढा आवळला गेला, पण ते आटेच घसरत होते. बरं, त्याचं काम तपासायला दुसरं कोणी नाही, कारण नियमात या काचेला दुसरी तपासणी लागतच नव्हती. गंमत म्हणजे आधीचे ते 7डी पण चुकीचेच होते, लांबीला कमी, आणि तरी काच टिकली होती. चालतंय चालतंय म्हणत.

तो तर चुकला तरी प्रामाणिकपणे चुकला. त्याच्या आधल्या वर्षी, सप्टेंबर 1989 मधे, नॉर्वेतल्या पार्टनएअर कंपनीचं कॉन्व्हेअर 580 ओस्लोहून हॅम्बर्गला जाताना डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, 55 माणसं होती, एकही वाचलं नाही. आधी बाँबचा संशय होता. समुद्रातून तुकडे काढून जोडले तेव्हा कळलं की शेपटीच्या उभ्या पंखाला धरून ठेवणारे बोल्ट आणि पिना नकली आहेत, असली मालाच्या साधारण 60 टक्के ताकदीच्या. लोखंड नीट तापवून, थंड करून पक्कं केलेलं आहे की नाही ते वरून बघून ओळखता येत नाही हो, कितीही वर्षं धातू हाताळलेला माणूस असू दे.

म्हणून विमानाच्या पार्टची कुंडली लागते. कोणी बनवला, कधी बनवला, कोणत्या विमानावर होता, किती वेळा दुरुस्त झाला. इंजिनच्या डिस्कचं, म्हणजे आत फिरणाऱ्या पाती बसवलेल्या चकतीचं, तर आयुष्यच मोजून ठरलेलं, एक उड्डाण म्हणजे एक सायकल, आकडा संपला की डिस्क चकचकीत असली तरी बाहेर. आणि पार्टसोबत सर्टिफिकेट हवंच, युरोपात तिथल्या विमान सुरक्षा संस्थेचा ईएएसए फॉर्म वन, आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचा, सीए फॉर्म वन. पार्ट शेल्फवर समोर दिसतोय, पण कागद आलेला नाही म्हणून विमान तासन् तास उभं, आणि तुम्ही बाहेर काउंटरवर भांडताय, असं आमच्या वेळी बऱ्याचदा व्हायचं. भांडा, आम्हाला सवय होती.

पण कागदच खोटा असला तर? 2023 मधे तेच उघड झालं. लंडनची एओजी टेक्निक्स नावाची कंपनी सीएफएम56 इंजिनचे पार्ट खोट्या सर्टिफिकेटवर विकत होती, आणि हे इंजिन बोइंग 737, एअरबस ए320 असल्या रोजच्या विमानांचं! जगभर एअरलाइन्सना इंजिनं उघडून पार्ट शोधत बसावं लागलं. पकडलं कसं, तर पोर्तुगालमधल्या मेन्टेनन्सवाल्यांना एक पार्ट कागदावर सांगितलाय त्यापेक्षा जुना दिसला, त्यांनी मूळ उत्पादकाला विचारलं, ते म्हणाले ही सही आमची नाहीच. कोणीतरी पार्ट हातात घेऊन दोन मिनिटं थांबलं, एवढंच.

आमच्याकडे बाद झालेल्या पार्टला लाल टॅग लागायचा, आणि भंगारात द्यायच्या आधी तो ग्राइंडरने मधोमध कापायचा, म्हणजे पॉलिश करून परत बाजारात यायला नको. एकदा भंगारवाला बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "साहेब, एवढा चांगला माल, कापताय कशाला? अख्खा द्या, भाव जास्त देतो." मी म्हणलं, म्हणूनच कापतोय, आणि ग्राइंडर परत चालू केला.