दोन मीटरचं अंतर

(दृश्य : नान्नजचा माळ, पहाट. पिवळं गवत, लांबवर काळविटांचा कळप.)

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं निघालं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. माझा दादा तीस वर्षं इथं पक्षी बघायला येतोय. अंधार असतानाच मचाणात शिरायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, भाकरीचा डबासुद्धा झाकण न वाजवता उघडायचा. एवढं सगळं करून माळढोक दिसायचा तो दुर्बिणीत, करंगळीच्या नखाएवढा. पण ज्या दिवशी दिसायचा, त्या दिवशी दादा दारात आला की वहिनीला न सांगता कळायचं.

शेवटचा माळढोक कधी पाहिला, हे तो सांगत नाही. मीही विचारत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर गालापागोस बेटांवर छडी ठेवून पोरांना सांगितलं, की इथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत. निवृत्त झाल्यावर माझ्या फंडातले पैसे आणि दादानं साठवलेले पैसे एकत्र केले आणि आम्ही दोघं बहीणभाऊ निघालो. हा व्हिडिओ त्या आठ दिवसांच्या बोटीचा आहे.

(दृश्य : अंगण. बुटाचा तळ, जुना दात घासायचा ब्रश, पाण्याची बादली.)

या बेटांवर बाहेरून बी नेता येत नाही, फळ नाही, माती नाही. सामान तपासूनच आत सोडतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दादा अंगणात बसून बूट घासत होता. तळाच्या खाचांतून नान्नजची काळी माती निघत होती.

ती माती मी बघत राहिले. कारण ती काळ्या पाषाणाची झीज आहे, आणि तो पाषाण म्हणजे लाव्हा. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपली भूमी पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून सरकत होती. तिथून लाव्हा फुटला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. भूमी उत्तरेला सरकत राहिली, ती तप्त जागा मागंच राहिली. आज ती हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. सोलापुरात विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा दगड लागतो, सुरुंगाशिवाय हलत नाही, तो त्या आगीचा आहे.

गालापागोसचं घडणं याच जातीचं आहे. तिथंही खाली तप्त जागा, वर सरकणारी भूमी. बेट तयार होतं, हळूहळू पूर्वेकडं सरकतं, थंड होतं, झिजतं. पश्चिमेला नवं बेट वर येतं. पूर्वेकडची जुनी बेटं तीस-चाळीस लाख वर्षांची. पश्चिमेचं फर्नांदिना त्यांच्यापुढं लेकरू. मार्च २०२४ मध्येसुद्धा ते फुटलं. म्हणजे आम्ही चाललो होतो ते आपल्याच दगडाचं लहानपण बघायला.

(दृश्य : निळं पाणी. नांगरलेली छोटी बोट. बाजूला रबरी होडी.)

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ हजार किलोमीटर आत समुद्रात ही बेटं आहेत. बाल्त्रा बेटावर विमान उतरतं, तिथून बोट. आमच्या बोटीवर सोळा प्रवासी. सोळाच, कारण एका गाईडमागं सोळांपेक्षा जास्त माणसं नेता येत नाहीत. मोठ्यात मोठ्या बोटीलासुद्धा शंभर प्रवाशांच्या वर परवानगी नाही. कोणत्या बोटीनं कोणत्या दिवशी कुठं जायचं, हे राष्ट्रीय उद्यानाचं खातं ठरवतं. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रवाशांना प्रवेशाचे दोनशे डॉलर पडतात. मोजताना हात आखडला, खोटं कशाला बोलू.

रात्री बोट चालते, सकाळी नवं बेट समोर असतं. मग पांगा, म्हणजे रबरी होडी, काठाकडं नेते. गाईड आधी सांगतो, ‘ड्राय लँडिंग’ की ‘वेट लँडिंग’. कोरडं उतरायचं असेल तर बूट, ओलं असेल तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय.

आणि एक नियम रोज सकाळी ऐकायचा : प्राण्यापासून दोन मीटर लांब.

(दृश्य : नॉर्थ सेमूर बेट. पायवाटेच्या मधोमध निळ्या पायांचा बूबी.)

पहिल्याच सकाळी हा पक्षी वाटेत उभा होता. आमची रांग थांबली. पक्षी नर होता, जवळच मादी. त्यानं एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला, मग पंख ताणून चोच आभाळाकडं केली. ते निळे पाय तो तिला दाखवत होता. त्या निळ्यामागं माशांतून मिळणारं रंगद्रव्य असतं. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तरी पाय फिके पडतात. म्हणजे मादी पाय बघते तेव्हा नराचं पोटपाणी नीट चाललंय का, तेच बघते.

नाचता नाचता तो दादाच्या दिशेनं आला. तीन पावलं, चार पावलं. दादाच्या हातात दुर्बीण होती, ती तशीच राहिली. तीस वर्षं जो माणूस मचाणात श्वास रोखून बसला, त्याच्या बुटापाशी पक्षी येऊन उभा राहिला. आणि दादा मागं सरकला. एक पाऊल, दोन पावलं. नियमाचे दोन मीटर त्याला स्वतःहून मोजावे लागले.

मी कॅमेरा खाली घेतला. त्याचे डोळे भरले होते.

(दृश्य : फर्नांदिना. काळ्या खडकावर काळे सरडे, एकावर एक.)

फर्नांदिनावर पाय ठेवला तर सगळं काळं. दोरखंड गुंडाळून ठेवावा तशा वळ्यांचा लाव्हा. महाराष्ट्रातल्या खडकांतही अशा वळ्या सापडतात. दादानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही तर आपलीच जमीन, नुसती माती व्हायची राहिलीय."

त्या खडकावर समुद्री सरडे उन्हात पडलेले. जगात समुद्रात बुडी मारून पोट भरणारी सरड्याची हीच एक जात. पाण्याखालचं शेवाळ खातात, थंडीनं आखडतात, म्हणून वर येऊन तापत बसतात. पोटात गेलेलं जादा मीठ नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतात. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात फस्‌ फस्‌ चाललं होतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मिठाची पांढरी टोपी. एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो, शेवाळ मरतं. तेव्हा यांची नुसती चरबी झडत नाही, लांबीच कमी होते. हाडं आखडतात. एल निनो म्हटलं की सोलापूरकराला कोरडा पावसाळा आठवतो. तोच एल निनो इथं सरड्याची हाडं कमी करतो.

इथंच न उडणारा पाणकावळा आहे. फर्नांदिना आणि इसाबेला सोडून तो कुठंच नाही. मारणारं कोणी नव्हतं, मासे पाण्यात होते, उडायचं कारण उरलं नाही. पंख छोटे झाले. पोहून आल्यावर तरीही तो ते फाटके पंख वाळवायला पसरून उभा राहतो, आपल्या कंबर तलावावरच्या पाणकावळ्यासारखाच.

(दृश्य : इसाबेला. एक महाकासव गवत चरतंय. जवळून त्याचा श्वास ऐकू येतो.)

इथले प्राणी घाबरत नाहीत, हे मी पोरांना सांगायचे. पुढचं सांगायचं राहून जायचं. १८३५ साली डार्विन इथं आला तेव्हा फांदीवरच्या एका शिकारी पक्ष्याला त्यानं बंदुकीच्या नळीनं ढकललं होतं, इतकं ते पाखरू बिनघोर. आणि त्याच बिनघोरपणामुळं देवमाशांच्या शिकारी जहाजांनी इथली कासवं लाखाच्या हिशेबानं उचलून नेली. कासव महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय जिवंत राहतं, म्हणून तळघरात उलथी करून रचायची आणि लागेल तशी कापायची. पिंटा बेटाच्या जातीचा एकच नर शेवटी उरला, लोनसम जॉर्ज. २४ जून २०१२ रोजी तो गेला. ती जात संपली.

म्हणून घाबरण्याची जबाबदारी माणसानं स्वतःवर घेतली. १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, बेटांची सत्त्याण्णव टक्के जमीन त्यात आहे. माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी कासवांचा चारा संपवला होता. इसाबेलाचा उत्तर भाग आणि सान्तियागोवरून लाखाहून जास्त शेळ्या २००६ पर्यंत मारून काढल्या. गाईड हे सांगत होता तेव्हा मला आपल्याकडचे धनगर आठवले, रस्त्याकडेला मेंढरं हाकणारे. जीव तुटला. पण समोर कासव चरत होतं, तेही खरं.

नान्नजला अभयारण्य झालं १९७९ मध्ये. कागदावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. गावं, शेतं, रस्ते, सगळंच आत. लोकांची खरेदी-विक्री अडली, राग माळढोकावर निघाला. पुढं हद्द कमी करून बाराशे चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. माळढोक जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारेला धडकतो. विणीत बहुधा एकच अंडं घालतो. आज देशभरातल्या मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरलेत, बहुतेक राजस्थानात. साडेआठ हजार चौरस किलोमीटरभोवती रेघ ओढली, आणि त्याला मोकळं सोडायचं तेवढं अंतर राखलं नाही, असं मला वाटतं.

(दृश्य : फ्लोरेआना. मचूळ पाण्याचं तळं, त्यात मोजके रोहित, म्हणजे फ्लेमिंगो.)

सहाव्या दिवशी तळ्यात रोहित दिसले. अकरा. सबंध गालापागोसमध्ये ते काहीशेच आहेत. दादा हसला. म्हणाला, "यांच्यासाठी एवढ्या लांब आलो होय? उजनीत हजारांनी येतात."

(दृश्य : उजनीचं पाणी, जानेवारी. करमाळ्याच्या बाजूचा काठ. धुकं.)

परत आल्यावर सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली आणि आम्ही उजनीला गेलो. भीमेवरचं धरण, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. पाणी ओसरलं की चिखलाची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर रोहित उतरतात. मान उलटी करून चोचीनं पाणी गाळतात. होडीवाले भोई हौशी माणसांना अगदी जवळ नेतात, कारण थवा उडाला की फोटो चांगला येतो. आमचा होडीवाला मामाही तसाच निघाला होता, मोटर वाढवून.

दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, इथंच थांबवा."

"अजून लांब हाय की ओ. उडवून दावतो."

"नको उडवू. मोटर बंद करा."

(मोटर थांबते. पाण्याचा आवाज. दृश्य लांबूनच. थवा चरत राहतो.)