‘सेआ’ : शंकेपलीकडचे रूप

स्पॅनिश शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक सूत्र दिले जाते: शंका असेल तेथे सब्जंक्टिव्ह हे क्रियापदाचे वेगळे रूप, खात्री असेल तेथे साधे रूप. आज मी ‘सेर’, म्हणजे ‘असणे’, या क्रियापदाच्या ‘सेआ’ या सब्जंक्टिव्ह रूपाबद्दल बोलणार आहे, आणि हे सूत्र त्याच्यापुढे फारच तोकडे पडते, असे माझे मत आहे.

‘मे अलेग्रा के सेआस मी आमिगो’ हे वाक्य पाहा. तू माझा मित्र आहेस याचा मला आनंद वाटतो, असा त्याचा अर्थ. मैत्रीविषयी येथे तिळमात्र शंका नाही, तरी ‘एरेस’ हे साधे रूप न येता ‘सेआ’चेच ‘तू’साठीचे रूप ‘सेआस’ येते. याउलट ‘आ लो मेखोर एस मेदिको’, कदाचित तो डॉक्टर असेल, हे वाक्य उघडउघड शंकेचे असूनही त्यात साधे ‘एस’च लागते. प्रश्न खात्रीचा नसून, बोलणारा ती गोष्ट माहिती म्हणून ऐकणाऱ्यापुढे ठेवतो आहे की नाही, याचा आहे. आपण मित्र आहोत हे मित्राला ठाऊकच असते; त्याला सांगायचा असतो तो आनंद.

दुकानदाराने नुकतीच किंमत सांगितलेली असताना गिऱ्हाईक ‘आउंके सेआ कारो, लो कोम्प्रो’ म्हणते, तेव्हा वस्तू महाग आहे हे दोघांनाही माहीत असते. आपण ‘महाग असेना का, घेतो’ म्हणतो, तोच हा सूर: वस्तुस्थिती नाकारलेली नाही, फक्त बाजूला सारली आहे. घराच्या शोधातही मराठी माणसाला हा भेद लवकर कळतो. ‘बुस्को उना कासा के सेआ फ्रेस्का’ म्हणजे थंड असेल असे कोणतेही घर. ‘के एस फ्रेस्का’ म्हटले की घर ठरलेले आहे, पत्ता तेवढा सापडत नाही.

मराठीची सवय नडते ती ‘क्वांदो’, म्हणजे ‘जेव्हा’, याच्यापाशी. ‘मी मोठा होईन तेव्हा’ या वळणाने भविष्यकाळ वापरून ‘क्वांदो सेरे मायोर’ म्हणावेसे वाटते, पण स्पॅनिशमध्ये ‘क्वांदो सेआ मायोर’ असेच म्हणतात, कारण न घडलेल्या गोष्टीची ग्वाही देता येत नाही.

एवढा ‘सेआ’चा वावर असूनही ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्या लगेच पुढे तो चालत नाही. तेथे ‘सी एस’ म्हणावे, किंवा गोष्ट केवळ कल्पनेतली असेल तर ‘सी फुएरा’. हे ‘फुएरा’ ‘जाणे’ या अर्थाच्या ‘इर’ क्रियापदाचेही रूप आहे, त्यामुळे अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘सी’च्या पुढे ‘फुएरे’ हे भविष्यवाचक सब्जंक्टिव्हही येत असे. आता ते मुख्यतः कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत उरले आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र त्याचे भावंड ‘फोर’ रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना स्पॅनिशमधला साधा ‘सी एस’ काहीसा उघडाबोडका वाटला तर नवल नाही.