पाच मायक्रॉन हवा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत दिवसभर लेथ, ग्राइंडर, कॉम्प्रेसर यांचा आवाज चालूच असतो, पण या काचेच्या दाराच्या आत आलं की एकदम शांत, एसी २० डिग्रीवर, आणि मधोमध हे काळं ग्रॅनाइट. सीएमएम आहे हे, जॉबची, म्हणजे बनवलेल्या पार्टची, मापं घेणारं मॅन्युअल मशीन. आता नीट बघा, दांडिया बाजारातले आमचे काका, आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलेलं, तो वरचा जड ब्रिज एका बोटाने सरकवतायत. ना ऑइल, ना ग्रीस, ना बॉल बेअरिंग. खाली फक्त हवा आहे, एअर बेअरिंग म्हणतात याला.

आणि ती तरी किती, तर ५-१० मायक्रॉन, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. पण हवा दाबली की दबते ना, मग वजन कसं पेलते? काका म्हणतात, "अरे, पॅडला, म्हणजे ब्रिजखालच्या या सपाट पायाला, बारीक भोक आहे, त्यातून ४-५ बार दाबाने हवा येते. वजन वाढलं की पॅड खाली बसतो, फट कमी होते, हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही, मग आतला दाब वाढतो आणि पॅडला परत वर उचलतो."

पण फट आणि हवा यांचा हिशोब सरळ नाही, फटीच्या घनावर जातो तो, फट दुप्पट झाली की हवा आठपट निसटते! म्हणून फट मोठी ठेवली तर बेअरिंग ढिलं पडतं, आणि खूपच बारीक केली तर भोकाचा अडथळा नावापुरता राहतो, दाब आधीच लाइनच्या दाबाजवळ गेलेला असतो, मग अजून वजन टाकलं तर वाढायला दाबच उरत नाही. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे कडकपणा सगळ्यात जास्त, आणि तीच शोधायला गणिती मॉडेल लागतं. रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये तेलाच्या थरासाठी समीकरण मांडलं, १९१३ मध्ये हॅरिसनने त्यात हवेचं दबणं धरलं. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, तापमान स्थिर धरलं आणि पॅड जागेवर उभा असला तर दाबाऐवजी दाबाचा वर्ग घ्यायचा, अवघड समीकरण एकदम सरळ होतं.

एकदा इथे पॅडची खोबण मुद्दाम खोल केली होती, जास्त वजन पेलेल म्हणून. हवा सोडली आणि पॅड टर्रर्र करत थरथरायला लागला. खोबणीत हवा साठते, दाब उशिरा बदलतो, तोवर पॅड पुढे निघून गेलेला असतो. याला न्यूमॅटिक हॅमर म्हणतात, आणि उभ्या पॅडच्या गणितात तो दिसतच नाही, वेळ धरून मॉडेल करावं लागतं.

आणि पावसाळ्यात तर लाइनमध्ये पाणी येतं, कॉम्प्रेसरचं तेल येतं. म्हणून बघा, सकाळी मशीनला हात लावायच्या आधी काका फिल्टरची वाटी रिकामी करतायत, ड्रायर बघतायत, मग गेज पाहून हवा सोडतायत. हवा नसताना ब्रिज हलवायला इथे कोणालाच परवानगी नाही.