मेरी ब्रायंट : उघड्या होडीतले ६९ दिवस

मार्च १७८६. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कोर्टानं फोई गावच्या मेरी ब्रॉडला फाशी सुनावली. रस्त्यात एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि थोडं सामान लुटलं, एवढाच गुन्हा. फाशी टळली, त्याऐवजी सात वर्षांची हद्दपारी आली.

१७८७ च्या मे महिन्यात कैद्यांना घेऊन ११ जहाजांचा ताफा ऑस्ट्रेलियातल्या नव्या वसाहतीकडे निघाला. मेरी 'शार्लट' जहाजावर होती. प्रवासातच तिला मुलगी झाली, तिचं नावही शार्लट ठेवलं. सिडनीत तिनं विल्यम ब्रायंट या मासेमार कैद्याशी लग्न केलं. मग इमॅन्युएल झाला.

वसाहतीत उपासमार होती. चोरून मासे विकले म्हणून विल्यमला १०० फटके बसले. तरी मासेमारीच्या होड्या त्याच्याच हाती राहिल्या, कारण त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

२८ मार्च १७९१ ची रात्र. गव्हर्नरची सहा वल्ह्यांची होडी चोरून ब्रायंट मंडळी पळाली. एका डच कप्तानाकडून होकायंत्र, नकाशा आणि बंदुका आधीच मिळवल्या होत्या. होडीत नऊ कैदी आणि मेरीची दोन लहान मुलं. होडी गळायची, किनाऱ्याला ओढून फटींत साबण भरायचा आणि पुन्हा समुद्रात लोटायची. असे पाच हजारांहून जास्त किलोमीटर कापून अकराच्या अकरा जण तिमोर बेटावरच्या कुपांगला जिवंत पोचले! दर्यावर्दी इतिहासात याला तोड फार थोडी.

'आमचं जहाज फुटलं,' असं त्यांनी डचांना सांगितलं. पुढे बिंग फुटलं आणि इंग्रज कप्तान एडवर्ड्सनं सगळ्यांना ताब्यात घेतलं. डिसेंबरात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आधी इमॅन्युएल गेला, तीन आठवड्यांत विल्यम. ६ मे १७९२ ला इंग्लंडच्या वाटेवर जहाजातच शार्लटही गेली. त्या लेकरांना कुठल्या कोर्टानं शिक्षा दिली होती?

त्याच जहाजावर वॉटकिन टेंच हा अधिकारी होता. मेरीला ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्या 'शार्लट'वरही तो होता. या कैद्यांकडे पाहून आपल्याला नेहमी कणव आणि आश्चर्य वाटे, असं त्यानं लिहून ठेवलंय.

लंडनच्या कोर्टानं 'मूळ शिक्षा भोगा' म्हणून इंग्लंडला पोचलेल्या पाचही जणांना न्यूगेट तुरुंगात धाडलं. मार्च १७९३ ला मेरीची सात वर्षं भरली, तरी ती आतच होती. लेखक आणि वकील जेम्स बॉस्वेल तिच्यासाठी झटला. मे महिन्यात तिला माफी मिळाली. बॉस्वेलनं तिला वर्षाला १० पौंडही लावून दिले आणि उरलेल्या चौघांसाठी सरकारदरबारी खेटे घालणं सोडलं नाही. नोव्हेंबरात तेही सुटले.