एग्टवेडची मुलगी

नमस्कार श्रोतेहो, आज डेन्मार्कला जाऊया. तिथे जटलंडमध्ये एग्टवेड नावाचं गाव आहे आणि गावाजवळ कांस्ययुगातलं दफनाचं टेकाड. १९२१ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी टेकाडाचा उरलेला भाग काढत होता आणि मातीत ओकचा कोरलेला बुंधा लागला, म्हणजे शवपेटीच. त्याने काम थांबवलं आणि कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला कळवलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं, कारण त्याने पेटी फोडली असती तर आज बोलायला काही उरलंच नसतं.

पेटी कोपनहेगनला नेऊन उघडली. आत गाईच्या कातड्यावर सोळा ते अठरा वर्षांची मुलगी. हाडं जवळपास सगळी विरघळलेली, पण केस, दात, नखं आणि लोकरीचे कपडे शाबूत, कारण आत आम्लयुक्त पाणी साचलेलं आणि हवा पोचत नव्हती. अंगात आखूड बाह्यांचा झगा, खाली दोऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, पोटावर गोल नक्षीची ब्राँझची चकती. पायाशी बर्चच्या सालीची बादली, त्यात मध, गहू आणि बेरी घालून केलेल्या दारूचा साका. पेटीच्या कडेला यारो या उन्हाळ्यात फुलणाऱ्या रोपाचं फूल होतं, म्हणून दफन उन्हाळ्यातलं हे कळलं आणि पेटीच्या ओक लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून वर्ष निघालं इ.स.पू. १३७०.

सोबत कापडात बांधलेली पाच-सहा वर्षांच्या मुलाची जळलेली हाडंही होती. ही मुलगी त्याची आई असणं शक्य नाही, तिचं वयच तेवढं नव्हतं.

स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य अन्न-पाण्यातून शरीरात येतं आणि त्याचं स्वरूप जागेनुसार बदलतं. २०१५ मध्ये तिच्या दात-केसांतलं स्ट्रॉन्शियम तपासून शास्त्रज्ञ म्हणाले, ही एग्टवेडची नाही, बहुतेक जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडची, आणि ही बातमी जगभर गाजली. मग २०१९ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी दाखवलं की एग्टवेडच्या भागातल्या शेतांत टाकलेल्या चुन्यामुळे पाण्यातलं स्ट्रॉन्शियमच बदललंय, आणि चुना न पडलेल्या जागचं पाणी तपासलं तर ती त्याच परिसरातली असू शकते. मला तरी हा दुसरा मुद्दा जास्त पटतो, कारण तुलनेसाठी घेतलेलं पाणीच बदललेलं असेल तर त्यावरून तिचं गाव कसं ठरवणार? पण वाद अजून मिटलेला नाही. कोपनहेगनला कधी गेलात तर राष्ट्रीय संग्रहालयात तिची पेटी आणि कपडे नक्की बघा, आणि एग्टवेडला ते टेकाड पुन्हा रचून ठेवलंय, तेही.