मालवाहू विमानांचे वैमानिक आणि परदेशातलं बिऱ्हाड

[दृश्य: रात्र. बोइंग ७४७ मालवाहू विमानाचं वर उचललेलं नाक, आत सरकणारे कंटेनर.]

युरोपच्या विमान सुरक्षा नियमांत वैमानिकाच्या ‘होम बेस’ची व्याख्या दिलेली आहे. जिथे त्याची ड्युटी एरवी सुरू होते आणि संपते, आणि जिथे त्याच्या राहण्याची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी नसते, ते ठिकाण म्हणजे होम बेस. या व्याख्येचा दुसरा भाग नीट ऐका. बाकी सगळ्या शहरांत हॉटेलची खोली कंपनी बघते. बेसच्या गावात मात्र डोक्यावरचं छप्पर वैमानिकानं स्वतः शोधायचं.

त्यामुळे एखादी मालवाहू कंपनी परदेशात बेस उघडते किंवा बंद करते, तेव्हा वेळापत्रकासोबत कितीतरी घरांचे पत्ते बदलतात. मुलांच्या शाळा बदलतात, जोडीदाराची नोकरी जाते. आपल्या दारात पार्सल पोचतं, त्यामागे ही सगळी उलथापालथ असते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

[दृश्य: हबमधले सरकते पट्टे, पार्सलांची छाननी.]

मालाचा धंदा रात्रीचा. दिवसभर गोळा झालेली पार्सलं संध्याकाळी विमानात चढतात, मध्यरात्रीच्या सुमारास हबवर उतरतात, तिथे शहरांप्रमाणे वेगळी होतात आणि उजाडायच्या आत पुन्हा उडतात. फेडएक्स या अमेरिकी पार्सल कंपनीनं हे चक्र १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिसहून सुरू केलं. १४ छोटी फाल्कन विमानं, २५ शहरं आणि १८६ पाकिटं, एवढाच त्या रात्रीचा पसारा. तेव्हा बेसचा प्रश्नच नव्हता. हब मेम्फिसला, वैमानिकही मेम्फिसचेच.

विमानं समुद्र ओलांडू लागली आणि गणित बदललं. १९८९ मध्ये फेडएक्सनं फ्लाइंग टायगर ही जुनी मालवाहू कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. तिच्यासोबत आशियातल्या विमानतळांवर उतरण्याचे हक्क आले. आता एखादं विमान आठवडाभर आशियातच फिरू शकत होतं: आज जपान, उद्या मलेशिया. मेम्फिसशी त्याचा संबंधच येत नव्हता. मग ते उडवणारी माणसं आणायची कुठून?

एक मार्ग म्हणजे वैमानिकाला दुसऱ्या विमानानं प्रवासी म्हणून तिथवर पाठवायचं. या व्यवसायात याला डेडहेड म्हणतात. वैमानिक अमेरिकेतून निघतो, आशियात पोचतो, झोप काढतो, आठवडा-दोन आठवडे उडतो आणि तसाच परत येतो. तिकिटं आणि हॉटेलं कंपनीच्या खर्चानं. येण्याजाण्याचे दिवसही पगारीच, पण त्या दिवसांत तो विमान उडवत नाही. दुसरा मार्ग, माणसालाच तिथे राहायला न्यायचं. हाच परदेशी बेस. तिसरा मार्ग, वैमानिकानं आपल्या गावी राहायचं आणि कंपनीनं जवळच्या विमानतळावरून त्याला उचलायचं. भाड्यानं विमानं पुरवणाऱ्या काही मालवाहू कंपन्या तसंच करतात, कारण त्यांचे मार्ग ग्राहकागणिक बदलतात आणि पक्का बेस ठेवायला जागाच उरत नाही.

[दृश्य: अँकरेज. बर्फ, पहाट, ओळीनं उभी मालवाहू विमानं.]

काही बेस भूगोलानंच ठरवलेले आहेत. अलास्कातलं अँकरेज हे त्यातलं ठळक उदाहरण. बोइंग ७७७ चं मालवाहू रूप १०० टनांहून जास्त माल घेऊन सुमारे ९,००० किलोमीटर जातं. पूर्व आशियाहून अमेरिकेच्या आतल्या शहरांचं अंतर याहून जास्त भरतं. टाकीत इंधन वाढवलं तर पोटातला माल कमी करावा लागतो आणि मालावरच तर कमाई आहे. म्हणून माल पुरा भरायचा, अँकरेजला उतरायचं, इंधन घ्यायचं आणि वैमानिकही बदलायचे. यूपीएस या दुसऱ्या अमेरिकी पार्सल कंपनीचा वैमानिक बेस तिथे आहे, तो याच कारणानं.

आता माणसं कशी मिळतात ते बघू. मोठ्या अमेरिकी मालवाहू कंपन्यांत वैमानिकाची ओळख म्हणजे त्याचा सीनियॉरिटी नंबर. रुजू झाला त्या दिवशी यादीत जो क्रमांक मिळाला, तो वरचे निवृत्त होतील तसा सरकत जातो. कोणत्या बेसवर, कोणत्या विमानावर, सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर की कप्तानाच्या डाव्या, सुट्टी एरवीच्या दिवसांत की सणाच्या, सगळं त्या क्रमांकावर ठरतं. नवा बेस उघडला की कंपनी जागा जाहीर करते आणि वैमानिक बिड टाकतात, म्हणजे आपली पसंती कळवतात. वरच्या क्रमांकाला हवं ते मिळतं, खालच्याला उरलेलं.

परदेशी बेस बहुधा वरच्यांना नको असतात. त्यांची घरं झालेली, मुलं शाळेत रमलेली, आईवडील जवळ. मग त्या जागा तरुणांकडे जातात, आणि त्यांच्यासाठी तिथे एक मोठं आमिष असतं. मायदेशात कप्तानाच्या डाव्या सीटसाठी कितीतरी वर्षं थांबावं लागेल, तीच सीट परदेशी बेसवर लवकर मिळू शकते. पगार वाढतो, हातात विमान येतं. मी हा सौदा वाईट मानत नाही. उलट ज्यांना जग बघायचं आहे अशा जोडप्यांसाठी ती आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं ठरू शकतात. प्रश्न फक्त एवढाच की कंपनीकडून हा सौदा किती काळ पाळला जातो.

[दृश्य: सुबिक बे, फिलिपिन्स. जुनी धावपट्टी, मागे डोंगर.]

फिलिपिन्समधलं सुबिक बे. इथे अमेरिकी नौदलाचा प्रचंड तळ होता. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेनं तो झाकला गेला, आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेनं तो सोडला. मागे उरली लांब धावपट्टी आणि रिकामी घरं. फेडएक्सनं १९९५ मध्ये तिथे आपला आशियाई हब उघडला. वैमानिकांची बिऱ्हाडंही आली. मग चीनमधले कारखाने वाढत गेले, माल जिथून निघतो ते ठिकाण उत्तरेला सरकलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये हब दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला गेला. वैमानिकांचा बेस त्याच सुमारास उभा राहिला तो शेजारच्या हाँगकाँगमध्ये. शाळा, इस्पितळं, इंग्रजीत चालणारे व्यवहार यांचा विचार केला तर कुटुंब घेऊन राहणं तिथे सोपं होतं.

युरोपात कंपनीनं कोलोन निवडलं. २०१० मध्ये मध्य आणि पूर्व युरोपचा हब तिथे हलला आणि पुढे वैमानिकही तिथे राहू लागले.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, उघडं लॉगबुक, कॅल्क्युलेटर.]

आता एका टेबलाजवळ थांबू. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेत त्याला कराचं विवरणपत्र भरावं लागतं. परदेशात कमावलेल्या पगारावर ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते. पण आंतरराष्ट्रीय समुद्रावरचं आकाश कुठल्याच देशाचं नसतं. त्यामुळे प्रशांत महासागरावर उडताना कमावलेला पगार ‘परदेशात कमावलेला’ धरला जात नाही. हाँगकाँगला राहणाऱ्या एका अमेरिकी विमान कर्मचाऱ्याच्या दाव्यात अमेरिकेच्या कर न्यायालयानं हेच सांगितलं. म्हणजे बेसवरचा वैमानिक लॉगबुक उघडून बसतो आणि प्रत्येक उड्डाणाचे तास वेगळे काढतो: इतके चीन आणि जपानवर, इतके समुद्रावर, इतके अमेरिकेवर. वर्षभराच्या नोंदींवर हे करायचं. परदेशी बेस भरताना पगाराचा आकडा सगळे सांगतात, हे टेबल कुणी दाखवत नाही.

कायद्याचंही तसंच आहे. अमेरिकेत विमान कंपन्या आणि त्यांच्या कामगारांचे वाद १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट सोडवतो. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. पण त्याचा हात देशाच्या सीमेबाहेर पोचत नाही, असंच तिथली न्यायालयं सहसा धरून चालली आहेत. म्हणून परदेशी बेसचं घरभाडं, शाळेची फी, परतीचा हक्क हे सगळं संघटना आणि कंपनी यांच्या करारात शब्दाशब्दानं लिहून घ्यावं लागतं.

युरोपनं या बाबतीत एक पाऊल पुढे टाकलं. २०१२ पासून वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता होम बेस असलेल्या देशात भरायचा, असा नियम झाला. बेल्जियममधल्या शार्लरुआ बेसवरच्या केबिन कर्मचाऱ्यांच्या खटल्यात २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं असंही म्हटलं की खटला कोणत्या देशात चालवायचा हे ठरवताना बेस ही महत्त्वाची खूण धरावी. विमान कुठल्या देशात नोंदलं आहे, त्याला बेसइतकं वजन नाही.

[दृश्य: कॉकपिट, अंधार, उपकरणांचा प्रकाश.]

बेसवर न राहणारेही बरेच असतात. घर एका शहरात, बेस दुसऱ्या. दुसऱ्या विमानाच्या जंपसीटवर, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या जादा सीटवर, बसून ते ड्युटीला येतात. बेसजवळ चार-सहा जणांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या खोलीत, क्रॅशपॅडमध्ये, बंक बेडवर दोन-तीन तास अंग टाकतात आणि मग कामावर जातात. बेस परदेशात असला की हीच ये-जा महासागरावरून होते.

याची किंमत काय असू शकते, ते १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेतल्या बफेलोजवळ दिसलं. तिथे एक प्रवासी विमान कोसळलं, एकूण ५० जण गेले. वैमानिकांचा बेस नेवार्कला. सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून बसून आली होती. कप्तानानं रात्र कंपनीच्या कर्मचारी कक्षात काढली होती. या अपघातानंतर अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नव्यानं लिहिले गेले. रात्री सुरू होणाऱ्या ड्युटीची मर्यादा दिवसाच्या ड्युटीपेक्षा कमी झाली. जानेवारी २०१४ पासून ते लागू आहेत. पण मालवाहू कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या. कारण दिलं गेलं खर्चाचं: मालवाहू विमानांसाठी फायद्यापेक्षा खर्च जास्त.

१४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे यूपीएसचं एक एअरबस ए३०० अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना कोसळलं. पावणेपाचची वेळ. दोन्ही वैमानिक गेले. विमान ठरल्या मार्गानं आणि वेगानं खाली येत नसतानाही उतरणं चालू ठेवलं गेलं, हे मुख्य कारण निघालं. सहवैमानिकाची अपुरी झोप आणि शरीराच्या घड्याळाची ती वेळ, हेही चौकशीत नोंदलं गेलं. त्या रात्री निघण्यापूर्वी कॉकपिटमध्ये दोघे याच विषयावर बोलत होते: नव्या विश्रांती नियमांतून मालवाहू वैमानिक का वगळले. ते ध्वनिमुद्रणात आहे.

माझं मत स्पष्ट आहे. रात्री दोन ते सहा या वेळेत शरीर मंदावतं, ते मागे प्रवासी बसले आहेत की पेट्या, हे बघून नाही. अपवाद काढून टाकण्यासाठी अमेरिकी संसदेत विधेयकं आली, एकही मंजूर झालं नाही.

[दृश्य: हाँगकाँग विमानतळ, संरक्षक पोशाखातले कर्मचारी.]

आणि मग कोविड. २०२१ मध्ये हाँगकाँग हे जगात सर्वाधिक माल हाताळणारं विमानतळ होतं, सुमारे ५० लाख टन. माल आला तो वैमानिकांच्या हातून, आणि तेच वैमानिक हॉटेलच्या बंद खोलीत विलगीकरणात. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीनं ‘क्लोज्ड लूप’ सुरू केलं: काही आठवडे फक्त उड्डाण आणि हॉटेल, मग दोन आठवडे विलगीकरण, मगच घर. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टहून परतलेले तीन मालवाहू वैमानिक बाधित निघाले, तेव्हा शंभराहून जास्त शाळकरी मुलांना सरकारी विलगीकरण छावणीत नेलं गेलं. त्या तिघांची नोकरी गेली.

फेडएक्सनं त्याच वर्षाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या वैमानिकांना कुटुंबांसह तात्पुरतं सॅन फ्रान्सिस्कोला हलवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बेस कायमचा बंद करत असल्याचं जाहीर झालं. उड्डाणं चालू राहिली. सुबिकनंतर जेमतेम बारा वर्षांत आशियातलं दुसरं बिऱ्हाड मोडलं.

कंपनीनं बेस कधीच बंद करू नये असं मी म्हणत नाही. माल सरकतो, कारखाने सरकतात, साथी येतात. पण जागा जाहीर करतानाच कागदावर काही गोष्टी असायला हव्यात: किमान किती वर्षं बेस राहील, बंद झाला तर परत कुठे जायचा हक्क आणि कोणत्या सीटवर, सामान हलवायचा खर्च कुणाचा, भाडेकरार मोडल्याचा दंड कोण भरणार, आणि मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंतची मुदत. बिड टाकण्याआधी तरुण वैमानिकानं हे पान मागावं, आणि जोडीदाराला शेजारी बसवून वाचावं.