मागीलदारची फळझाडे

श्रोतेहो, नमस्कार. मृग तोंडावर आला की कोकणातल्या रोपवाटिकांत गर्दी होते आणि येणाऱ्या दहांतले आठ जण हापूसचीच कलमे मागतात. घरामागच्या चार-पाच गुंठ्यांत लावण्यासाठी ही निवड मला पटत नाही. दहा मीटरवर लावलेला हापूस पुरता वाढला की एक झाड जवळजवळ एक गुंठा अडवते, शिवाय एका वर्षी लगडून दुसऱ्या वर्षी हात आखडता घेण्याची त्याची खोड सर्वांना ठाऊक आहे. बागायतदाराचे गणित वेगळे. मागीलदारी मात्र एखादाच आंबा असावा आणि उरलेल्या जागेत रातांबा, चिकू, पेरू, लिंबू, पपई अशी निरनिराळ्या वेळी फळणारी झाडे असावीत, असे मला वाटते.

यांतील रातांब्याविषयी, म्हणजे कोकमाविषयी, थोडे सविस्तर बोलतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. मी बियांपासून केलेली दोन रोपे हौसेने आणून लावली आणि सात वर्षे वाढवली. आठव्या वर्षी दोन्ही झाडे फुलली, पण पिवळ्या केसरांच्या फुलांचे घोसच्या घोस आले आणि गळून गेले. दोन्ही झाडे नर निघाली. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत ते ओळखण्याचा घरगुती उपाय नाही. म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलमच घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात अशी कलमांनीच वाढवतात. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची आहे ना, हेही विचारावे, कारण आडव्या फांदीच्या काडीचे कलम उंच न होता जमिनीलगत पसरत राहते. परागासाठी एखादा नर जवळपास लागतो, तेव्हा माझ्या दोघांपैकी एक मी ठेवला आहे.

चिकूचे कलम बहुधा खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळे असलेल्या रोपावर, बांधलेले असते आणि खुंटाला जोडाखालून फुटवे येतात. चिकूचे पान टोकाकडे निमुळते होते, तर खिरणीच्या पानाच्या टोकाला मधोमध खाच असते. अशा खाचेच्या पानांचा फुटवा दिसताच तो काढून टाकावा. आमच्या एका शेजाऱ्यांनी तो कौतुकाने वाढू दिला आणि आता त्यांच्याकडे खिरणीचे दांडगे झाड आहे, चिकू मात्र केव्हाच वाळला.

पेरूसाठी पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेली ‘सरदार’ जात अजूनही उत्तम आहे. पपईच्या बुंध्याशी पावसाचे पाणी दोन दिवस जरी साचले तरी मूळ कुजते, म्हणून ती उंचवट्यावर लावावी. लिंबाला ऊन हवे, एवढे सांगितले की पुरे.

राहिला पुढचा प्रश्न, माझ्या रातांब्याच्या दुसऱ्या नराचे काय करावे. तो मी गेल्या वर्षी कमरेइतका राखून तोडला. नवे धुमारे आले आहेत, आणि त्यांतील दोन जोमदार धुमाऱ्यांवर पाऊस सुरू झाला की मादीच्या काड्या बांधणार आहे.